पिशवी काढायची परवानगी

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी चौतीस वर्षांची, पदरात दोन मुली, आणि महिन्यातले पंधरा दिवस पडवीत बाहेर बसलेली. इतर बायका पाचव्या दिवशी न्हाऊन घरात जायच्या. माझं रक्त थांबायचंच नाही. विहिरीवरून कळशी आणताना मला तीनदा खाली टेकावं लागायचं. मालवणचे डॉक्टर म्हणाले, पिशवीत गाठी आहेत, अशीच राहिलीस तर जीवावर बेतेल. कोल्हापूरला जाऊन काढून टाक.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "ह्या वयात पिशवी काढून टाकतलंस? मगे तुझ्यात उरतला काय गो? सुकान खोबरा होतलंस!"

त्यांना नातू हवा होता, ते तर होतंच. पण खोटं कशाला बोलू, घाबरले मीही होते. वाडीतल्या एकीची पाळी पस्तिशीतच गेली होती. तिला बायका तोंडावर 'म्हातारे' म्हणायच्या, आणि तिचा नवरा मुंबईहून यायचाच बंद झाला. माझेही मुंबईलाच. मरणापेक्षा मला त्या 'म्हातारे'ची धास्ती जास्त.

ह्यांना विचारायला तर हवं. पण आमचा पोस्टमन मेला येणारी-जाणारी सगळी कार्डं वाचायचा आणि वाडीभर सांगत सुटायचा. म्हणून मी डॉक्टरांचं नावच काढलं नाही. लिहिलं, 'पिशवी फार खराब झाली आहे. काढून टाकावी असे म्हणतात. आपला विचार कळवावा.'

आठ दिवसांनी उत्तर. 'खराब झाली असेल तर खुशाल काढून टाक. एवढ्याशा गोष्टीला मला काय विचारतेस? गणपतीला येताना नवी आणतो, चांगली दोन बंदांची.'

अगो बाय माझे! ह्यांना बाजाराची पिशवी वाटली! आधी मी पोट धरून हसले, मग संतापले, मग रडले. दुसरं कार्ड टाकून सगळं उलगडून सांगता आलं असतं. नाही टाकलं. सांगितलं असतं तर ह्यांनी आईला विचारलं असतं, आणि आईने देवाला कौल लावला असता. तोवर मी उरले असते का? सासूबाईंना कार्ड वाचून दाखवलं, 'नवी आणतो'च्या अलीकडेच थांबले. त्यांचा विरोध तिथेच संपला. मुलाचा शब्द म्हणजे शब्द.

भाऊ कोल्हापूरला घेऊन गेला. तिथे डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नवऱ्याची परवानगी मागितली, मी कार्ड पुढे केलं, शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवून. त्यांनी अंगठा बाजूला सारला, वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या.

"दोन बंदांची?"

मी खाली मान घातली. मग एकदम तोंडातून निघून गेलं, "बाई, माका जगायचा आसा. पण म्हातारी होऊन नाय."

त्यांनी नीट समजावलं. पिशवी जाईल, पाळी जाईल, मूल होणार नाही. पण बाईचं तारुण्य ज्यांच्यावर टिकतं ते बीजांडकोश चांगले असले तर त्या ते राहू देतील; म्हातारपण फार तर थोडं लवकर येईल, उद्याच येणार नाही. "आता सांग. हे तुला हवंय?"

मला हवंय का, असं तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. "होय," म्हटलं.

"मग सही तू कर."

मी केली. चौथीपर्यंतचं शिक्षण, पण काय ठळक सही केली म्हणता!

गणपतीला हे आले आणि सगळं कळल्यावर भडकले. "माका फसवलंस!" मीही पदर खोचला. "फसवला कोणी? मी मेलंय असतंय तर दुसरी आणलास असतास, दोन बंदांची?" हे खाली बसले. मग म्हणाले, "तू इतकी आजारी, आणि माका पत्ताच नाय." पाच दिवसांची रजा होती. पंधरा दिवस राहिले.

गौरीच्या रात्री मी अंगणात फुगडी धरली. एक बाई दमली, दुसरी आली, तीही दमली. तिसरी गरगरून खाली बसली. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "पुरे गो आता, दम लागात!"

"माका खंय लागलो, आये!" मी म्हटलं, आणि हात पुढे केले. "तुमीच येवा."

आल्या की!