होडीमागचं आभाळ

आमच्या परळच्या घरात एकच चित्र आहे. शेजारचे चित्रकलेचे सर बदलापूरला राहायला गेले, तेव्हा त्यांनी ते बाबांना दिलं. किनाऱ्यावर रिकामी होडी, एक निष्पर्ण झाड, पाण्यात शिरून संपणारी पायवाट आणि मागे भलंमोठं आभाळ. माणूस एकही नाही. होडी म्हणजे देह, असं सर म्हणाले होते. आई म्हणाली, "रिकामी होडी घरात कित्याक व्हयी?" पण तोवर खिळा ठोकून झाला होता.

बाबा गिरणीत रंगखात्यात होते. कापडाची छटा नमुन्याशी जुळते की नाही, हे सांगणं त्यांचं काम. पाहुण्यांना ते चित्र दाखवून म्हणायचे, "संध्याकाळ. आयुष्याचीच म्हणा ना." पाहुणे चहा लवकर संपवायचे. मला ते आभाळ निळं दिसायचं, पण रंगखात्याला कोण सांगणार?

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आल्यावर ते चपला न काढताच चित्रासमोर उभे राहिले. एक डोळा झाकला, मग दुसरा. बराच वेळ हे चाललं.

"पहाट आहे ही," ते म्हणाले.

मी जवळ गेलो. त्यांनी बोट न लावता दाखवलं. आधी पिवळा पातळ लावून वाळू दिलाय. त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने निळा ओढलाय, म्हणून खालचा पिवळा मधूनमधून डोकावतो. झाडाच्या सावलीत काळा नाहीच, निळ्यात तपकिरी मिसळलाय.

"मला नुसता पिवळा दिसत होता," ते म्हणाले. कापडाचा अख्खा लॉट चुकीचा गेल्यासारखा आवाज.

त्यांनी सरांना फोन लावला. "सर, पहाट की संध्याकाळ?"

"मी भरदुपारी काढलं होतं, खिडकी लावून," सर म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

"आधी वाटायचं, सगळे निघून गेलेत. आता वाटतं, कोणीतरी यायचंय."

"मग थांबा जरा," सर म्हणाले.

बाबांनी फोन ठेवला. आईने विचारलं, "आणि दुसऱ्या डोळ्याचा काय?"

"रवांदे थोडे दिवस. मी दोन्ही बघून घेतंय."

दिवाळीनंतर दुसरं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी टॅक्सी खाली उभी असताना ते ऑपरेशन झालेला उजवा डोळा झाकून चित्रासमोर थांबले. आई पिशवी घेऊन दारात होती. तिने घाई केली नाही.