साच्याखालच्या गोळ्या

ज्याला स्वतः ढकलायचं नाही, त्यानं ढकलायचं सामान एकट्यानं का निवडावं? ग्रीसचा वास आला की आनेकलचा आमचा कारखाना आठवतो. तिथं बेळगावकडच्या एक अक्का लोखंडी साचे टेबलावरून मशीनकडे सरकवायच्या. ढकलून ढकलून त्यांचा खांदा आखडला, तेव्हा आमचे साहेब त्यांना म्हणाले, जमत नसेल तर पॅकिंगला जा. मी खरेदी विभागात नवा होतो. टेबलात बॉल ट्रान्सफर युनिट बसवू म्हणालो. वाटीत फिरणाऱ्या पोलादी गोळ्या त्या, वरचं वजन हवं तिकडे सरकतं. साहेबांनी कागदावर साच्याचं वजन सगळ्या गोळ्यांत सारखं भागलं आणि सर्वांत लहान गोळी निवडली. मी भांडलो, "साच्याचा तळ सपाट कुठाय? भार तीनच गोळ्यांवर येईल!" "झाली याची सभा सुरू," साहेब हसले, पण लहान आणि मोठ्या, दोन्ही गोळ्यांचे नमुने मागवले. लहान गोळ्या भारानं अडकल्या, साचा अक्कांकडून हललाच नाही. मोठ्यांवर मात्र एका हातानं असा सुटला की साहेब उडी मारून बाजूला झाले. "साहेब, स्वल्प लांब उभारा की! मी काय आता पॅकिंगला जात नाही बघा," अक्का खिदळल्या, आणि ऑर्डर तिथंच ठरली. आजही मी खरेदीच करतो आणि भांडतोही. कुणाच्या कामासाठी तुम्ही काही मागवणार असाल, तर सही करण्याआधी नमुना त्यांच्या हातात द्या.