बैलजोड्यांनी मोजलेलं वय

"कोन म्हातारा? मी?" असं म्हणून आबा समोरच्या ओट्यावर उडी मारून दाखवत. उडी जमे, उतरवायला मात्र दोन माणसं लागत.

धरणगावच्या अलीकडे आमचं गाव. आबा तिथले सरपंच, आणि मी शाळामास्तर, म्हणून पंचायतीचा चिटणीसही. परवा त्यांचं तेरावं झालं. काही गंभीर लिहावं म्हणून बसलो, पण आबा आठवले की हसूच येतं. तुमच्याही गावात असा एखादा असेल, तर तुम्हाला कळेल.

त्यांना एकच ध्यास होता: गावासाठी विहीर. मंजुरीसाठी जळगावच्या साहेबाकडे त्यांनी इतके खेटे घातले की तिथले शिपाईच त्यांना रामराम करू लागले. खडक फोडायला नुकती सुरुवात झाली होती. "पानी लागनं का खुर्ची सोडसू," आबा सांगत. त्याआधी नाही.

तेवढ्यात धुळ्याला वकिलाकडे कारकुनी करून आलेल्या एका तरुण पंचाने ठराव मांडला: पासष्टीपुढच्या माणसाने सरपंच राहू नये. "वरपासून खालपर्यंत सगळे पुढारी म्हातारे. ठरवायचं त्यांनी आणि निस्तरायचं आम्ही!"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी सर्वांत आधी हात वर केला. "बराबर शे! म्हातारास्नी घर बसानं!"

ठराव एकमताने मंजूर झाला. मग मी विचारलं, "आबा, तुमचं वय काय लिहू?"

जन्माची नोंद कुठली असणार? आबा वय बैलजोड्यांवर मोजत. बाराव्या वर्षी नांगर धरला; एक जोडी दहा वर्षं चाले. ते उभे राहून एकेका जोडीचं नाव घेऊ लागले, आणि प्रत्येक बैलाची चालही करून दाखवू लागले. मारक्या बैलाच्या वेळी तो तरुण पंच खुर्चीसकट मागे सरकला. हसता हसता माझी दौत सांडली. चार जोड्या झाल्या. पाचवीचं आठवं वर्ष चालू. "बारा, चाळीस, आठ. साठ! लिखा, मास्तर!"

कोपऱ्यातून म्हातारे नाना पुटपुटले, "आबा, हिऱ्या-मोत्या?"

हसणं थांबलं. दुष्काळात चारा संपला तेव्हा आबांनी ती जोडी बाजारात नेऊन विकली होती. त्यानंतर ती नावं त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. नाना घाईने सावरून घेऊ लागले, "मनीच चूक व्हयी. दुसरानी जोडी व्हयी ती."

आबांनी नुसती मान डोलावली असती तरी खुर्ची राहिली असती. त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं.

"नही. मनाच बैल व्हतात त्या. दहा साल राबनात. लिखा, मास्तर. सत्तर."

पंचायतीचा शिक्का त्यांनी स्वतःच त्या तरुणाच्या हातात ठेवला. "इहीर आर्धी सोडू नको, भाऊ."

त्याने सोडली नाही. चैत्रात पाणी लागलं. आबा म्हणाले, मला खाली सोडा. नवा सरपंच ओरडला, "आबा, तुमचं वय!"

"ती अट खुर्चीले शे, इहिरले नही!" असं म्हणत आबा दगड काढायच्या टोपल्यात बसलेसुद्धा. चौघांनी दोर सोडला. सारं गाव काठावर वाकलं. खाली नुसतं पांढरं पागोटं दिसत होतं. मग पाणी उडाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आबांचा.

"गोड शे रे! बठ्ठा जन या खाली!"

नवा सरपंच जोडे काढू लागला.