भरीत पार्टीत पास झालेली संगीत कॉमेडी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण जळगावात ही फजिती मी सोडून सगळ्यांनी सांगितलीय.

मी विनोदी नाटकं लिहितो. चांगली लिहितो, उगाच खोटं कशाला बोलू? तर यंदा मनात आलं, एकांकिका पुरे झाल्या, आता थेट ब्रॉडवेसारखी संगीत कॉमेडी! गाणी, नाच, बँड, सगळं. गोष्ट आपल्याच मातीतली: लग्नाचं वऱ्हाड चुकून केळीच्या ट्रकमध्ये चढतं आणि दिल्लीला पोचतं.

पहिलं वाचन कुठे केलं? सासऱ्यांच्या शेतात, पारोळ्याकडे, भरीत पार्टीत. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जातायत, आख्खं सासर गोल बसलंय, आणि मी खुर्चीवर बसून वाचतोय. काय हसले लोक! मामेसासूबाईंना तर ठसका लागला. नवरीच्या रडण्याच्या प्रसंगालाही हसले. म्हटलं, आपली लेखणीच तशी, दुःखातही गुदगुल्या करते.

आमचा दिग्दर्शक विजय म्हणाला, "दुसरा अंक ढिला आहे रे. थोडा काप."

"एक अक्षर कापणार नाही. भरिताला विचार."

धुळ्याला स्पर्धेचा प्रयोग. नाट्यगृह भरलेलं. पहिला विनोद गेला, शांतता. दुसरा गेला, कोणीतरी खोकलं. बँड बिचारा जीव तोडून वाजवत होता, पण पहिला अंक संपेपर्यंत एक माणूस हसला नाही. इतकी वर्षं कमावलेलं नाव त्या संध्याकाळी बुडणार होतं.

मध्यंतरात बायकोला, सुनंदाला म्हटलं, "हीच वाक्यं तुझ्या माहेरी कशी चालली गं?"

ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अहो, वाक्यांना कोण हसत होतं? तुमच्या खुर्चीमागे आबा तुमची नक्कल करत होते. तुम्ही दर वाक्याला चष्मा कपाळावर सरकवून बघता ना, लोक हसले का ते? तस्सं."

आबा म्हणजे माझे सासरे. तिथेच उभे होते, गरिबासारखं तोंड करून. "जवाईबापू, मन्हा काय गुन्हा शे?"

रागवायला वेळ होता कुठे? मी माझा चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला. "आबा, वऱ्हाडात लेखक म्हणून घुसा. त्या दिवशी केलं तेच करा."

दुसऱ्या अंकात नाट्यगृह डोक्यावर घेतलं हो लोकांनी! चष्म्याविना मला स्टेजवर नुसते रंग दिसत होते, पण हशा कानांनी ऐकत होतो. आणि खरं सांगतो, छाती फुगली. म्हटलं, विजयला दाखवतो आता ढिला अंक.

निकाल लागला, लेखनाचं पहिलं बक्षीस मला. परीक्षक माईकवर म्हणाले, "विशेष उल्लेख त्या लेखकाच्या पात्राचा. स्वतःवर इतका खूश माणूस यांना सुचला तरी कसा?"

मी उठलो तसा विजयने माझा शर्ट धरला. "अरे, ते पात्र तू लिहिलेलं नाहीस."

म्हटलं, सोड. लिहिलं नसेल, पण जन्मभर निभावतोय कोण?