पांढऱ्या आकड्यांचे दगड

मुकादम घराजवळच्या डांबरी रस्त्यावरून कधी चालत नसत. कडेच्या धुळीतून, खाचखळग्यांतून जात. बायको रस्त्यावरून चालायची आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवायची. "अहो, रस्ता काय गुरांसाठी केलाय? माती तुम्ही आणायची आणि पुसायची मी!" मुकादम नुसतं हूं करायचे. गुडघे गेले, तरी सवय गेली नाही.

एके दिवशी संग्रहालयातल्या बाई घरी आल्या. गावाबाहेरच्या टेकडीवर पूर्वी फार जुनं दफनस्थान होतं. दगडांची वर्तुळं, त्यांच्या पोटात माणसं, उशाला मडकी. तिथलं खोदकाम मुकादमांच्या देखरेखीखाली झालं होतं. आता टेकडी नव्हती, नकाशे गहाळ झाले होते आणि मडकी गोदामं बदलता बदलता कुठे गेली ते देव जाणे. निदान त्या जागी एक पाटी लावावी, असं बाईंच्या मनात होतं.

"तेव्हाचे तुम्ही एकटेच उरलात, काका. नेमकी जागा तुम्हीच दाखवाल."

मुकादमांचा चहा कपातच निवला. जागा चुकली तर पाटी खोटी पडेल आणि ती माणसं दुसऱ्यांदा हरवतील, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

टेकडीच्या जागी बसचं आगार झालं होतं. गाड्या धुण्याचा उतार, ऑइलचे डाग, टायरांची चळत. बाई मागे, बायको त्यांच्याही मागे. मुकादमांनी उन्हाची दिशा पाहिली, लांबची पाण्याची टाकी पाहिली. काही केल्या खूण पटेना. टेकडीच कापून सपाट केलेली. ज्या उंचीवर उकिडवं बसून त्यांनी माती खरवडली, तिथे आता नुसती हवा होती.

"काका, इथे पुरलेत ते जुने गिअरबॉक्स!" पहारेकरी हसला.

"फाटकाजवळ लावू या का?" बाई दमून म्हणाल्या.

बायकोनं कोपर मारलं. "हो म्हणा नि चला. उन्हानं डोकं उठलंय. गेलेल्यांना काय, चार हात इकडे नि चार हात तिकडे."

"नको. जागा मला सांगता येत नाही." मुकादम टायरावर टेकले. "दगड कुठे आहेत, ते मात्र सांगतो."

वर्तुळं उकलताना दगडांवर त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगानं आकडे घातले होते. काम संपलं की जिथला दगड तिथेच बसवता यावा म्हणून. पण रस्त्याच्या कामावर पांढरी खूण म्हणजे उचलायचा दगड. खोदकामाला सुट्टी असताना रस्त्याची टोळी आली, आयत्या खुणा पाहून खूश झाली आणि गाड्या भरून दगड घेऊन गेली. मुकादम परतले तोवर दगडांची खडी होऊन तिच्यावर रोलर फिरला होता. खडीत एका तुकड्यावर अर्धा आकडा दिसत होता. मग त्यावरही डांबर पडलं.

"आमच्या घराजवळून जातो, तोच रस्ता. मी आकडे घातले नसते, तर कुणी हात लावला नसता."

बाई म्हणाल्या, "रस्त्यात पाटी नाही लावता यायची, काका."

"ठाऊक आहे."

"फाटकापाशी लावते. 'या परिसरात' एवढंच लिहिते. चालेल?"

"ते खरं आहे. लिहा."

परतताना मुकादम नेहमीसारखे धुळीत उतरले. बायको रस्त्यावरून चार पावलं चालली आणि थांबली. पायांखालच्या डांबराकडे बघून तिनं हात जोडले आणि पदर सावरत खाली उतरली.

"सरका जरा," ती म्हणाली. "आधी सांगितलं असतंत, तर इतकी वर्षं माझी जीभ तरी शिणली नसती."