बारा मिनिटं बंद खिडकी

माझी मोठी बहीण भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला तिची वकील म्हणायला नको. सत्तावीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसली, आणि त्यातली पंचवीस तरी कुणाशी ना कुणाशी हुज्जत घालण्यात गेली. रुग्णांशी, वॉर्डांशी, न उमटणाऱ्या शिक्क्याशी. घरी आली की उरलेलं आम्हाला. मी कपडे शिवते. माझं दुकान तिच्या घराच्या खालीच आहे, त्यामुळे ते उरलेलं बहुतेक माझ्याच वाट्याला येतं.

आमचा दादा ताईहून लहान, माझ्याहून मोठा. वीस वर्षांपूर्वी तो परदेशी गेला. तिथे उपचार सगळ्यांना फुकट असतात आणि ही गोष्ट तो आम्हाला विसरू देत नाही. मी तापाने फणफणून पडलेली असले तरी फोनवर याचं ‘आमच्याकडे’ सुरू. आमच्याकडे डॉक्टरांची वेळ घेतात. आमच्याकडे रांगा नसतात.

“नसतातच,” ताई म्हणायची, “कारण सगळे घरी पडून वाट बघतात. तुझ्या खुब्याचं काय झालं?”

त्याच्या खुब्याच्या ऑपरेशनला तेव्हा अकरा महिने तारीख मिळत नव्हती. तो म्हणायचा, तातडीचं असलं तर त्याच दिवशी करतात. ती म्हणायची, तातडीचं हे कोण ठरवतं, दुखतंय तो की बघतोय तो? मग दोघांपैकी एकजण फोन ठेवून द्यायचा. दर रविवारी हेच. मला तर वाटतं, या भांडणाशिवाय त्या दोघांना बोलताच येत नसावं.

गेल्या वर्षी दादाला तिकडे एक माहितीपट करणारा दिग्दर्शक भेटला. दोन देशांत आजारी माणसाला कसं वागवतात, हे त्याला दाखवायचं होतं. दादा त्याच्यासमोर भरभरून बोलला आणि वर म्हणाला, “इकडचं झालं. तिकडचं बघायचं असेल तर माझ्या बहिणीच्या खिडकीवर जा.” दिग्दर्शक आला. रीतसर परवानगी घेऊन, ताईच्या खांद्याजवळ बोटाच्या पेराएवढा माईक लावून तो दिवसभर समोर उभा राहिला. ताईने त्याला स्वतःच्या थर्मासमधला चहासुद्धा पाजला.

माहितीपट बाहेर पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो माझ्या दुकानात बसून पाहिला. पडद्यावर आधी दादा, सोफ्यावर, हसतमुख. “इथे मला आजारपणाची भीती कधी वाटली नाही.” मग तिकडच्या दवाखान्यात एक गोड पोरगी स्वागताला बसलेली, कुंडीतली रोपं, मागे बासरी. आणि मग आमची ताई. एक म्हातारबाबा खिडकीत कागद सरकवतात, ताई कागदाकडे बघते आणि लाकडी झडप धाडकन खाली ओढते. बासरी बंद. ती झडप त्या पठ्ठ्याने तीनदा आपटली, तिसऱ्यांदा तर अगदी सावकाश, म्हणजे प्रेक्षकांना नीट लागावी म्हणून.

आठवड्याभरात ताईची ‘खिडकीबाई’ झाली. दवाखान्यात लोक तिचे फोटो काढायला लागले. एकाने झडपेवर ‘माणुसकी बंद आहे’ असा कागद चिकटवला. वरिष्ठांनी हात झटकले, तिला तळघरात जुन्या फायली लावायला बसवलं आणि चौकशी नेमली. चौकशीत ती दोषी ठरली असती, तर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं तिला त्या तळघरातच काढावी लागली असती, कपाळावर तो शिक्का घेऊन. तिला खिडकी परत हवी होती. बाकी कशाचं तिला सोयरसुतक नव्हतं.

तिचं म्हणणं सरळ होतं. त्या म्हातारबाबांचे पाय सुजले होते, त्यांना धाप लागत होती, त्यांना खाट हवी होती. खाटेसाठी वॉर्डांना फोन करावा लागतो, आणि फोन आतल्या खोलीत आहे. जागेवरून उठायचं तर झडप लावायची, असा नियमच आहे, कारण मागे कुणीतरी हात घालून शिक्के पळवले होते. ती आत गेली, चार वॉर्डांशी भांडली, खाट मिळवली आणि परत आली. तोवर बाबा निघून गेले होते.

“बारा मिनिटं,” ती मला म्हणाली. “ती बारा मिनिटं त्या मेल्याने कुठे घातली?”

मला त्यात नवल वाटलं नाही. कापायचा धंदा माझाही आहे. कात्री ज्याच्या हातात असते, तोच गळा केवढा ठेवायचा ते ठरवतो.

ग्रंथालयाने त्या माहितीपटावर जाहीर चर्चा ठेवली आणि दादा त्यासाठी खास रजा काढून आला. तोवर त्याचं ऑपरेशन झालं होतं, काठी घेऊन चालत होता. आदल्या दिवशी जेवताना त्याने कबूल केलं, “माझंही कापलंय. अकरा महिन्यांचं सगळं सांगितलं होतं मी.”

“मग तोंड उघड की सगळ्यांसमोर!”

“उघडतो. पण ताई, एक ऐक. पूर्ण चित्रण दाखवा असं म्हणू नकोस.”

“का? तुझ्या देशाची अब्रू जाईल?”

“म्हणू नकोस, एवढंच सांगतो.”

ती ताटावरून उठली. मलाही त्याचा संताप आला. सख्ख्या बहिणीची नोकरी पणाला लागली आहे आणि हा तिकडच्या कुंड्या सांभाळतोय, असंच मला वाटलं.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. दिग्दर्शक आधी बोलला. प्रत्येक माहितीपटाला बाजू असतेच, आपण ती लपवत नाही, वगैरे. ताई उठली.

“तिकडे तुम्ही दुपारी तीनला गेलात. माझ्याकडे सोमवारी सकाळी आठला. माझ्यासमोर तीन तासांत एकशे चाळीस माणसं होती. त्या पोरीसमोर किती?”

दिग्दर्शकाने प्रामाणिकपणे सांगितलं, “सात.”

“सात माणसांपुढे मीही गोड हसेन.”

लोक हसले. मागून एका डॉक्टरांनी विचारलं, “पण तिकडे आजारपणापायी कुणाचं घर विकलं जात नाही, त्याचं काय?”

“ते खरंच आहे,” ताई म्हणाली. “मग तेच दाखवा ना. माझी झडप कशाला तीन-तीनदा आपटता?”

मग दादाने आपल्या अकरा महिन्यांचं सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, “त्यापुढे तुम्ही म्हणाला होतात की, तरीही मी तिथेच राहीन. मी दोन्ही कापलं.” दादा खाली बसला. त्याच्या मदतीची धाव तेवढीच.

“पूर्ण चित्रण दाखवा,” ताई म्हणाली.

“माझ्याकडे आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “तुमची खात्री आहे?”

“ताई, नको,” दादा म्हणाला.

“तू गप्प बस.”

पडद्यावर झडप आपटली. पुढे बराच वेळ नुसती बंद खिडकी, आणि माईकमधून आतल्या खोलीतला ताईचा आवाज. एका वॉर्डाने नाही म्हटलं, दुसऱ्याने फोन ठेवला. तिसऱ्याला ती सांगत होती, “पाय बघा त्यांचे एकदा येऊन! घरी पाठवू का त्यांना? तुमचे वडील असते तर पाठवले असते?” बाहेर बाबा बाकावर बसलेले. नवव्या मिनिटाला त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, “बाई येणार का परत?” कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकाचा आवाज आला, “काही सांगता येत नाही, आजोबा.” बाबा थोडा वेळ थांबले, मग भिंतीला धरून उठले आणि निघून गेले. आतून ताई ओरडत होती, “मिळाली ना खाट? लिहून घ्या!”

सभागृह उसळलं. लोक दिग्दर्शकावर तुटून पडले. आत बाई खाटेसाठी भांडतेय हे तुम्हाला कानातल्या यंत्रात ऐकू येत होतं, मग एवढं सांगता नाही आलं? कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. ताई उभीच होती, तिचा चेहरा उजळला होता. इतकी सुंदर मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

पडद्यावर झडप वर गेली. ताईने डोकावून दोनदा “आजोबा” अशी हाक मारली. बाकाकडे पाहिलं. मग हळू आवाजात, पण माईकवर अगदी स्वच्छ:

“गेले निघून? बरं झालं. एक कमी.”

आणि मोठ्याने, “चला, पुढचे!”

टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या. दिग्दर्शकाने पडदा बंद केला. “हे मीच कापलं होतं,” तो म्हणाला. मला त्याचा राग आला, दादाचा आला, आणि सगळ्यांत जास्त ताईचा आला. त्या बाबांचं पुढे काय झालं, हे मात्र त्या सभागृहात एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

बाहेर जिन्यात दादा काठी टेकत तिच्या मागे आला.

“तू पाहिलं होतंस हे?” तिने वळून विचारलं.

“त्याने मला आधीच दाखवलं होतं.”

“मग सरळ सांगायचं ना, मी असं बोलले म्हणून!”

“मला वाटलं तुला आठवत असेल. मुद्दाम झाकतेयस असं वाटलं.”

“मी असं काही बोलले असेन असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं रे,” ताई म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. “दिवसातून पन्नासदा म्हणते मी ते. त्यातलं एक कसं आठवणार?”

तिने दादाला जिन्यावरून उतरायला हातही दिला नाही.

चौकशी समितीने तेच चित्रण मागवून पाहिलं. फोन केले होते, खाट मिळवली होती, झडप नियमाप्रमाणे लावली होती. तोंडाने काय म्हणायचं नाही, याचा नियम नव्हता. ताई निर्दोष सुटली आणि महिन्याभरात खिडकीवर परत बसली. परवा ब्लाउजचं माप द्यायला ती दुकानात आली. मला राहवलं नाही. तोंडातल्या टाचण्या काढून मी तिला विचारलंच, “अजून म्हणतेस का ते?”

“म्हणते,” ती म्हणाली. “पण आता मला ऐकू येतं.”