प्रभा आणि जुनी झोळी

प्रभाच्या दुकानात पाऊल टाकलं की ती आधी विचारायची, "घरात टोपली नाहीये का?" आहे म्हटलं तर म्हणायची, "मग कशाला घेता?" अशी दुकानदारीण मी जन्मात दुसरी पाहिली नाही. गेल्या वर्षी ती वारली. तिच्याबद्दल चांगलंच लिहायला हवं, पण खरंही लिहायला हवं.

अमेरिकेत वेस्ट विंडसरला चर्चच्या तळघरात दर शनिवारी तिचं दुकान असायचं. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मी मुलाकडे राहायला आले होते. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सून मला तिथे सोडून जायची. प्रभा पुण्याची, एम.ए., माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. नवऱ्याबरोबर एकदा चीनला गेली, तिथल्या एका डोंगरातल्या गावात चार दिवस राहिली आणि परत आली ती त्या गावच्या बायकांची वकील होऊन. त्यांच्या बांबूच्या टोपल्या, निळीत रंगवलेलं कापड, चहा, धुरावर वाळवलेली अळंबी ती मागवायची आणि त्या बायका सांगतील तोच भाव त्यांना द्यायची.

कुणी भाव पाडून मागितला की म्हणायची, "घासाघीस करायची तर भेंडीची करा. टोपलीची किंमत विणणारीनं सांगायची."

तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला तिनं त्या अळंबीची आमटी केली. सगळ्या हॉलभर धुराचा वास.

मी विचारलं, "प्रभा, पातेल्यात चप्पल पडली का गं?"

"काकू, तुमच्या नाकाला डोंगर माहीत नाही!"

माझं माहेर घाटमाथ्यावरचं. चुलीपुढे वाढलेलं नाक ते. पण मी गप्प बसले, कारण दोन वाट्या संपवल्या होत्या.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला नवं पार्सल आलं. त्यात पोर पाठीला बांधायची एक झोळी होती. गडद निळी, वर लाल फुलपाखरांचं भरतकाम, इतकं बारीक की माझे डोळे दुखले. एका अमेरिकन बाईनं ती भिंतीवर लावायला लगेच बुक केली. पुढच्या शनिवारी न्यायला येणार होती. प्रभा मला कौतुकानं दाखवायला लागली.

"हे शेडिंग बघा काकू. नॅचरल डाय असाच उतरतो."

मी झोळी हातात घेतली, वास घेतला. "अगं, हा रंग नव्हे. पोरानं दूध टाकलंय इथे. आणि हे बंद बघ, गाठ मारून मारून झिजलेत. ही विकायला केलेली नाही. कुणाच्या तरी पाठीवरची आहे."

प्रभा खाली बसली. म्हणाली, "मीच लिहिलं होतं, काकू. जुनं काही असेल तर पाठवा, इथे जुन्याला मान आहे."

"मग तिनं पाठवलं. आता तिचं पोर कशात बांधते ते विचार."

हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटलं नाही.

तिनं त्या अमेरिकन बाईला फोन केला. "सॉरी, कॅन्सल केलं," एवढंच मला सांगितलं. ती बाई पुन्हा दुकानात आली नाही. प्रभानं झोळी परत पाठवली आणि दिलेले पैसे तिकडेच राहू दिले. पण झोळी पोचली की नाही, काही कळेना. सगळा हिवाळा ती रोज पोस्टाची पेटी बघायची. गिऱ्हाइकांना उपदेश करणंही बंद झालं. दुकानात इतकी शांतता मला सहन होईना.

मार्चमध्ये पत्र आलं. तिथला शाळामास्तर त्या बायकांच्या वतीनं इंग्रजीतून लिहायचा. प्रभानं उभ्या उभ्या मला मराठीत सांगितलं, "झोळी पोचली. झोळीची बाई म्हणते, फार उशीर केलात. धाकटं महिन्याचं झालं, चादरीत बांधून शेतावर न्यावं लागत होतं. आणि विचारते, इतके दिवस ठेवलीत, तर डाग का नाही धुतलात?"

प्रभा हसायला लागली ती रडेपर्यंत. मी म्हटलं, "पत्र बाजूला ठेव, भिजेल."

तिनं तिथेच उत्तर लिहायला घेतलं. "यापुढे फक्त नवं पाठवा. जुनं मागितलं, ही माझी चूक." मग मान वर करून विचारलं, "काकू, डागाचं काय लिहू?"

"लिही, गरम पाण्यात घालू नको म्हणावं, पक्का बसतो. आधी गार पाण्यात भिजव."

तिनं तेही लिहिलं. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईचं तेवढं एक वाक्य चीनला गेलं.